न दुखणारा झटका : एका सोप्या वाक्याची चिकित्सा

'मधुमेहामुळे हृदयाच्या नसा बधिर होतात, त्यामुळे मधुमेही माणसाला हृदयविकाराचा झटका आला तरी छातीत दुखत नाही.' हे वाक्य आपण सर्वांनीच कुठे ना कुठे वाचले आहे. आरोग्यविषयक पुस्तिकांत, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत, मधुमेह दिनाच्या भाषणांत ते हमखास भेटते. हृदयाचा पाठ शिकवताना आपणही ते जाता जाता सांगून टाकतो. मुलांच्या ते चटकन लक्षात राहते, आणि काहीतरी उपयोगाचे सांगितल्याचे समाधान आपल्याला मिळते.

आता समजा, हे ऐकून एखाद्या मुलीने विचारले, "माझ्या आजीला मधुमेह आहे. मग तिला काही झाले तर आम्हांला कळणारच नाही का?" वाक्यावर विश्वास ठेवायचा तर 'नाही' असेच उत्तर द्यावे लागेल. तिच्या शेजारी बसलेल्या मुलाच्या आजोबांना मधुमेह नाही. तो काहीच विचारणार नाही. 'आपल्या आजोबांना झटका आला तर छातीत दुखेलच' असे मनाशी ठरवून तो मोकळा होईल. हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत आणि दोन्ही जिवावर बेतू शकतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या देशव्यापी पाहणीचे जे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. अशी आजी आपल्या प्रत्येक वर्गात कोणाची तरी असणारच. म्हणून या वाक्याची एकदा नीट तपासणी करायला हवी.

'नस' म्हणजे कोणती?

पहिली अडचण शब्दाचीच आहे. आपल्या बोलण्यात 'नस' हा शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी येतो. 'सलाइन लावायला नस सापडेना' असे आपण म्हणतो तेव्हा ती रक्तवाहिनी असते. 'कमरेत नस दबली' असे म्हणतो तेव्हा ती चेता असते. 'हृदयाच्या नसा खराब झाल्या' हे ऐकणाऱ्या मुलाने घरात 'नसांत ब्लॉकेज निघाले' हेही ऐकलेले असते. तो साहजिकच दोन्ही एकच समजतो.

मधुमेहात या दोन्ही गोष्टी घडतात, पण त्या वेगळ्या आहेत. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्या अरुंद होतात व एखादी बंद पडली की झटका येतो. हा रक्तवाहिन्यांचा विकार झाला. हृदयाशी जोडलेले चेतातंतू झिजतात, हा दुसरा विकार. पहिला असून दुसरा नसेल, किंवा दुसरा असून पहिला नसेल, असेही रुग्ण असतात. तेव्हा वर्गात निदान या विषयापुरता 'नस' हा शब्द बाजूला ठेवून 'रक्तवाहिनी' आणि 'चेता' असे दोन शब्द वापरलेले बरे.

चित्रात नसलेला बाण

दुसरी अडचण आपल्या फळ्यावरच्या आकृतीत आहे. स्वायत्त चेतासंस्थेची आकृती काढताना आपण मेंदू व मेरुरज्जूपासून हृदयाकडे दोन बाण काढतो. अनुकंपी चेता ठोके वाढवतात आणि परानुकंपी चेता ठोके कमी करतात. हे बरोबर आहे, पण अपुरे आहे.

हृदयाचा ठोका हृदयातच जन्माला येतो. उजव्या कर्णिकेतील पेशींचा एक छोटा पुंजका ही लय ठरवतो. बाहेरून एकही चेता आली नाही तरी तरुण माणसाचे हृदय मिनिटाला १०० च्या आसपास ठोके देत राहील. हृदय प्रत्यारोपणात नेमके हेच दिसते. डिसेंबर १९६७ मध्ये केपटाउनला ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसाचे हृदय माणसात बसवण्याची पहिली शस्त्रक्रिया केली. तेव्हापासून आजवर अशा शस्त्रक्रियांत रक्तवाहिन्या जोडल्या जातात, चेता जोडता येत नाहीत. तरीही ते हृदय चालते, फक्त विश्रांतीतही जरा जलद चालते. आपली नाडी एरवी ७०–७५ असते, कारण मेंदूकडून निघणारी दहावी चेता, म्हणजे 'व्हेगस', हृदयाला सतत लगाम घालून असते.

मधुमेहात रक्तातील साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की चेतापेशींतील रसायनांचे संतुलन बिघडते, आणि चेतांना पोसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्याही खराब होतात. लांब चेतांना हा मार सहसा आधी बसतो. पायांना मुंग्या येणे, तळवे बधिर होणे ही लक्षणे लवकर दिसतात ती यामुळेच. स्वायत्त चेतांमध्ये व्हेगस सर्वांत लांब. तिचा लगाम सैल पडला की बसल्या जागी नाडी ९०–१०० च्या वर राहू लागते. पुढे अनुकंपी तंतूही झिजले की जिना चढताना जेवढे ठोके वाढायला हवेत तेवढे वाढत नाहीत, आणि अंथरुणातून उठून उभे राहताच रक्तदाब घसरून डोळ्यांपुढे अंधारी येते. या विकाराचा मुख्य घाला असा नियंत्रणावर असतो. आपल्या वाक्यात त्याचा उल्लेखही नाही.

मग वेदनेचे काय? त्यासाठी आकृतीत तिसरा बाण हवा. तो हृदयाकडून मेंदूकडे जाणारा असतो आणि आपण तो बहुधा काढतच नाही. हृदयाच्या वेदनेचा निरोप नेणारे तंतू मुख्यतः अनुकंपी चेतांच्या सोबतीने छातीच्या वरच्या भागात मेरुरज्जूत शिरतात. हातातून येणारे तंतूही तिथेच जवळपास पोहोचतात. म्हणूनच हृदयाची कळ डाव्या हातात जाणवते. १९१६ मध्ये बुखारेस्टचे शल्यविशारद टोमा योनेस्कू यांनी हृदयशूळाच्या रुग्णावर मानेतील व छातीतील अनुकंपी साखळी काढून टाकण्याची शस्त्रक्रिया केली, ती वेदनेची हीच वाट तोडण्यासाठी.

मोजले एक, सांगितले दुसरे

आता तिसऱ्या आणि अधिक महत्त्वाच्या अडचणीकडे वळू. हृदयाच्या चेता झिजल्या आहेत हे डॉक्टर कसे ओळखतात? १९७० च्या दशकात एडिंबरो येथे डेव्हिड युइंग, बेसिल क्लार्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी पलंगाशेजारी करता येतील अशा साध्या चाचण्यांचा संच घडवला. मिनिटाला सहा या गतीने खोल श्वास घेताना नाडी किती खालीवर होते, तोंडाने जोर लावून फुंकताना व त्यानंतर ती कशी बदलते, उभे राहिल्यावर ती कशी बदलते, उभे राहिल्यावर रक्तदाब किती उतरतो, आणि मूठ आवळून धरल्यावर तो किती चढतो, अशा या पाच चाचण्या. जगभर त्या वापरल्या गेल्या. त्यांचे मोठे गुण म्हणजे त्या स्वस्त आहेत, सुई न टोचता होतात आणि पुन्हा पुन्हा करता येतात.

पण यांतील एकही चाचणी वेदनेच्या वाटेची नाही. पहिल्या तीन प्रामुख्याने व्हेगसचा कारभार तपासतात, उरलेल्या दोन अनुकंपी चेतांचा. या चाचण्यांत ज्यांचे निकाल बिघडलेले असतात, त्यांच्यात न दुखणारा हृदयविकार अधिक आढळतो हे खरे. १२ अभ्यासांचे निकाल एकत्र केले असता हे प्रमाण सुमारे दुप्पट भरले. परंतु एका तारेत बिघाड दिसला म्हणून शेजारची तारही तुटलीच असेल, हा अंदाज झाला. प्रत्यक्ष पुरावा म्हणून ज्याचा वारंवार उल्लेख होतो, तो फेरमन आणि सहकाऱ्यांचा १९७७ चा अभ्यास. वेदनेविना झटका येऊन मरण पावलेल्या मधुमेहींच्या हृदयांतील चेता त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि त्यांत मधुमेही झिजेच्या खुणा त्यांना सापडल्या. काम मोलाचे होते, पण असे रुग्ण होते अवघे पाच. एवढ्याशा पायावर 'मधुमेहींना दुखत नाही' असे सरसकट विधान उभे करणे धाडसाचे आहे.

५६ टक्क्यांची गोष्ट

याच विषयात एक भयंकर आकडाही फिरतो : 'हृदयाच्या चेता झिजलेल्या मधुमेहींपैकी निम्म्याहून अधिक पाच वर्षांत मरतात.' आकडा खोटा नाही. एडिंबरोच्याच गटाने १९८० मध्ये तो प्रसिद्ध केला. चाचण्यांचे निकाल बिघडलेल्या रुग्णांत पाच वर्षांतील मृत्युप्रमाण ५६ टक्के होते, तर निकाल ठीक असलेल्यांत २१ टक्के.

मात्र हे रुग्ण कोण होते ते पाहा. एकूण ७३ मधुमेही, आणि तेही स्वायत्त चेतांच्या बिघाडाची लक्षणे आधीच दिसू लागली होती म्हणून निवडलेले. म्हणजे रोग पुष्कळ पुढे गेलेली माणसे. त्यांपैकी २६ जण दगावले व त्यांतले निम्मे मूत्रपिंडे निकामी होऊन. जुन्या, अनियंत्रित मधुमेहात डोळे, मूत्रपिंडे आणि चेता यांची हानी हातात हात घालून चालते. त्यामुळे चेतांची झीज हे मृत्यूचे कारण होते की एकूण दुखणे किती जुने व खोल आहे याची ती खूण होती, हे या आकड्यावरून ठरत नाही.

निवड बदलली की आकडाही बदलतो. १९९१ मध्ये ओब्रायन व सहकाऱ्यांनी इन्शुलिन घेणाऱ्या ५०६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचे रुग्ण लक्षणे पाहून निवडलेले नव्हते. तिथे पाच वर्षांतील मृत्युप्रमाण चेता बिघडलेल्यांत २७ टक्के आणि न बिघडलेल्यांत ५ टक्के निघाले. २००३ मध्ये १५ अभ्यासांतील सुमारे २,९०० रुग्णांचा एकत्रित हिशेब झाला. दोन किंवा अधिक मोजमापे बिघडलेली असतील तरच विकार मानणाऱ्या अभ्यासांत मृत्यूचा धोका सुमारे साडेतीन पट आढळला, पण एकाच मोजमापावर विसंबलेल्या अभ्यासांत तो जेमतेम १.२ पट होता. धोका खरा आहे, पण तो किती हे आपण कोणाला मोजतो आणि कसे मोजतो यावर ठरते. उच्च माध्यमिक वर्गात नमुना निवडीचा पाठ शिकवायला यापेक्षा बोलके उदाहरण शोधून सापडणार नाही.

ज्यांना दुखत नाही ते कोण?

आता वाक्याच्या उत्तरार्धाची परीक्षा घेऊ. अमेरिकेत १९९४ ते १९९८ या काळात झटका येऊन रुग्णालयांत दाखल झालेल्या ४,३४,८७७ रुग्णांच्या नोंदी तपासण्यात आल्या आणि निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. यांतील ३३ टक्के रुग्णांना छातीत दुखलेच नव्हते. न दुखणाऱ्यांत मधुमेही ३२.६ टक्के होते आणि दुखणाऱ्यांत २५.४ टक्के.

एवढ्या माहितीवर मुलांना एक गणित घालता येते. १,००० रुग्ण धरा. ३३० जणांना दुखले नाही, त्यांत मधुमेही सुमारे १०८. ६७० जणांना दुखले, त्यांत मधुमेही सुमारे १७०. एकूण मधुमेही २७८. त्यांपैकी न दुखणारे १०८, म्हणजे सुमारे ३९ टक्के. मधुमेह नसलेले ७२२. त्यांपैकी न दुखणारे २२२, म्हणजे सुमारे ३१ टक्के.

हे उत्तर फळ्यावर मांडले की आपले वाक्य कोसळते. या नोंदींतील दर १०० मधुमेहींपैकी ६१ जणांना दुखले. उलट मधुमेह नसलेल्या दर १०० जणांपैकी ३१ जणांना दुखले नाही. न दुखणाऱ्यांत दोन तृतीयांश लोकांना मधुमेह नव्हताच. त्यांत वयस्कांचे आणि स्त्रियांचे प्रमाण मात्र अधिक होते. अर्थात, या हिशेबालाही मर्यादा आहे. घरीच दगावलेले किंवा झटका आल्याचे कधीच न कळलेले लोक त्यात आलेले नाहीत. त्यामुळे ३९ हा आकडा अंतिम समजू नये. पण 'मधुमेहींना दुखत नाही, इतरांना दुखते' अशी रेघ ओढता येत नाही, एवढे त्यातून नक्की दिसते.

त्याच अभ्यासातला एक आकडा आजीच्या आणि आजोबांच्या, दोघांच्याही दृष्टीने महत्त्वाचा आहे. छातीत न दुखलेले रुग्ण सरासरीने ७.९ तासांनी रुग्णालयात पोहोचले, दुखलेले ५.३ तासांनी. रुग्णालयात दगावण्याचे प्रमाण पहिल्या गटात २३.३ टक्के आणि दुसऱ्या गटात ९.३ टक्के होते. न दुखणारे अधिक वयस्क होते हेही त्यामागचे एक कारण असेल. तरी 'पित्त झाले असेल, जरा पडून राहा' यात गेलेल्या तासांची किंमत मोठी असते.

सोयीचे स्पष्टीकरण

हृदयाच्या चेता झिजतात हे एकदा कळले की हाती एक किल्ली आल्यासारखे वाटते, आणि मग ती दिसेल त्या कुलपाला लावून पाहण्याचा मोह होतो. दोन उदाहरणे पुरेत.

अमेरिका व कॅनडात १०,२५१ मधुमेहींवर 'अकॉर्ड' नावाची चाचणी चालू होती. साखर जवळजवळ निरोगी माणसाइतकी खाली आणली तर हृदयविकार टळतील, अशी अपेक्षा होती. झाले उलटेच. कडक नियंत्रणाच्या गटात २५७ मृत्यू, दुसऱ्या गटात २०३. फेब्रुवारी २००८ मध्ये चाचणीचा तो भाग थांबवावा लागला. चेता झिजलेल्यांना कडक उपचार सोसले नसतील, असे स्पष्टीकरण पटकन सुचते. २०१० मध्ये ते तपासले गेले. चेता झिजलेल्यांत मृत्यू अधिक होते, पण दोन्ही गटांत सारखेच अधिक. कडक उपचारांचा जादा तोटा त्यातून उलगडला नाही. किल्ली त्या कुलपाची नव्हती.

दुसरे उदाहरण तपासण्यांचे. न दुखणारा विकार असतो, तर मग लक्षणे नसलेल्या प्रत्येक मधुमेहीच्या हृदयाची खर्चिक तपासणी का करू नये? 'डायड' या अभ्यासात १,१२३ मधुमेहींपैकी निम्म्यांची अशी तपासणी केली. २२ टक्क्यांत रक्तपुरवठ्याचा दोष सापडला. जोर लावून फुंकताना ज्यांची नाडी नीट बदलत नव्हती, त्यांच्यात तो विशेष आढळला. पण २००९ मध्ये हाती आलेले निकाल असे की, जवळपास पाच वर्षांत तपासलेल्यांपैकी २.७ टक्क्यांना आणि न तपासलेल्यांपैकी ३.० टक्क्यांना गंभीर हृदयविकार झाला. हा फरक नगण्यच. भीतीपोटी सरसकट तपासण्या करवून घेण्याचा सल्ला या निकालात बसत नाही.

मग शिकवायचे काय?

आशेची बाजूही तितकीच पुराव्यानिशी सांगता येते. १९९३ मध्ये संपलेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत, मधुमेहाच्या पहिल्या प्रकारात साखर काटेकोर सांभाळल्याने हृदयाच्या चेतांची झीज बरीच कमी झाली. दुसऱ्या प्रकारासाठी कोपनहेगनच्या 'स्टेनो' केंद्राने १६० रुग्णांवर केलेले काम पाहावे. साखर, रक्तदाब, रक्तातील मेद, आहार, व्यायाम व धूम्रपान या सर्वांकडे एकत्र लक्ष दिलेल्या गटात स्वायत्त चेतांच्या विकाराचा धोका दुसऱ्या गटाच्या ४० टक्क्यांहूनही कमी राहिला. हे निकाल २००३ चे.

वर्गात या विषयाची ओळख भीतीने न करता नाडीने करावी. दोन मुलांची जोडी करा. एकाने शांत बसून पाच सेकंद श्वास आत घ्यावा, पाच सेकंद बाहेर सोडावा. दुसऱ्याने त्याच्या मनगटावर नाडी धरून प्रत्येक ठोक्याला बाकावर टिचकी मारावी. श्वास घेताना टिचक्या जवळजवळ येतात आणि सोडताना लांबतात, हे सगळ्या वर्गाला ऐकू येते. निरोगी हृदय घड्याळासारखे एकसारखे चालत नाही, आणि ही घटबढ म्हणजे व्हेगसचे काम चालू असल्याची खूण आहे, हे मुलांना एका मिनिटात कळते. वयाप्रमाणे ही घटबढ आपोआप कमी होते. त्यामुळे घरी आजी-आजोबांची अशी नाडी पाहून रोग ठरवू नये, हेही त्याच वेळी सांगावे. जोर लावून फुंकण्याची चाचणी मात्र वर्गात किंवा घरी कोणावरही करू नये. ज्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला मधुमेहाने इजा झाली आहे, त्यांना ती घातक ठरू शकते.

आणि ते सोपे वाक्य? त्याच्या जागी मी पुढील मजकूर सुचवतो. तो थोडा लांब आहे, पण त्या मुलीला आणि तिच्या शेजाऱ्याला, दोघांनाही चालेल.

'दीर्घकाळ वाढलेल्या साखरेमुळे हृदयाशी जोडलेल्या चेता झिजू शकतात. त्यामुळे हृदयाच्या गतीवरचे व रक्तदाबावरचे नियंत्रण बिघडते आणि काहींना वेदनाही कमी जाणवते. झटका आला असता पुष्कळ मधुमेहींच्या छातीत दुखते, काहींच्या दुखत नाही. मधुमेह नसलेल्यांतही, विशेषतः वयस्क माणसांत, तो न दुखता येऊ शकतो. म्हणून एकाएकी दम लागणे, दरदरून घाम येणे, मळमळणे, कारण नसताना गळून जाणे यांपैकी काही झाले तर छातीत दुखण्याची वाट पाहू नये. मधुमेही असेल तर साखर उतरली नाही ना हे लगेच पाहावे, पण त्यात वेळ न घालवता हृदयालेख काढण्याची सोय असलेल्या दवाखान्यात न्यावे.'

आजीच्या नातीला आता उत्तर देता येते : कळू शकते, मात्र काय पाहायचे ते घरातल्यांना ठाऊक असायला हवे.